घरचीं यंत्रें : जुना लॅपटॉप आणि नवी कार्यप्रणाली

आमच्या वाशीमवरून पूर्वीं अकोल्याहून पूर्णेकडे जाणारी मीटरमापी आगगाडी धांवत असे. चाल सावकाश, पण ओळख घरच्यासारखी. पुढें मार्गाचें रुंदीकरण झालें आणि २००८ सालीं त्याच मार्गावर मोठी गाडी सुरू झाली. दोन रुळांमधील अंतर १,००० मिलिमीटर होतें, तें १,६७६ झालें. जुने डबे कांहीं मोडले नव्हते. त्यांचीं बांकें, खिडक्या, चाकें सारीं धड होतीं. परंतु खालचा मार्गच बदलला आणि धड डबाही त्या मार्गापुरता निरुपयोगी ठरला.

मध्यमवर्गीय घरांतील जुन्या लॅपटॉपची आज हीच गत झाली आहे. यंत्राच्या सर्व अवयवांस कामाला लावणारी जी कार्यप्रणाली, तिच्यावांचून लॅपटॉप म्हणजे केवळ झांकणाची पेटी. आपल्याकडील बहुतेक घरीं ही प्रणाली विंडोजची असते. त्यांपैकीं विंडोज १० ही जुलै २०१५ मध्यें निघाली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्ट कंपनीनें तिची नेहमीची देखभाल थांबविली. त्या दिवशीं कोणाचेंही यंत्र बंद पडलें नाहीं. फक्त प्रणालींत नव्यानें सांपडणारीं भोंकें बुजविण्याचें काम थांबलें. परंतु ज्या घराचें छप्पर शाकारणें थांबलें, तें पहिल्या पावसांत नव्हे तरी तिसऱ्या पावसांत गळतेंच. घरगुती ग्राहकांनीं नांव नोंदविल्यास आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेपुरत्या सुधारणा देण्याचें कंपनीनें जाहीर केलें. पण ती मुदतवाढ झाली, उपाय नव्हे.

पुढची प्रणाली विंडोज ११. ती ऑक्टोबर २०२१ मध्येंच निघाली. पण जुन्या यंत्रास ती उंबऱ्याच्या आंत घेत नाहीं. ‘हें यंत्र विंडोज ११ चालवूं शकत नाहीं’ अशा अर्थाचें एक वाक्य पडद्यावर उमटतें आणि घरांत दोन तट पडतात. एक म्हणतो, नवें घ्या. दुसरा म्हणतो, यूट्यूबवर युक्ति आहे. मला येथें वेगळेंच कांहीं सांगावयाचें आहे. नकाराचें कारण आधीं नीट वाचावें, मग उपायास लागावें. आणि त्याच्याही आधीं यंत्राच्या पोटांत जें असेल तें बाहेर काढून ठेवावें. हें शहाणपण मला पुस्तकांतून आलें नाहीं. २०२५ च्या दिवाळींत आमच्याच माजघरांत तें मिळालें, आणि थोडक्यांत फार महाग पडतां पडतां राहिलें.

आईचा प्रश्न

आमच्या एकत्र कुटुंबांत जुने लॅपटॉप दोन. एक २०१२ सालचा, आमच्या कै. वडिलांचा; त्यांस घरांत सारे आबा म्हणत. दुसरा २०१७ सालचा, धाकट्या भावाचा. त्या वर्षीं सप्टेंबरांतील अतिवृष्टीनें आमच्या थोड्याशा शेतांतील सोयाबीन हातचें गेलें होतें, त्यामुळें नवें यंत्र घेण्याचा विषय कोणी काढीतच नव्हतें. इकडे पुतणी बारावींत. प्रवेशपरीक्षेच्या सरावासाठीं तिला स्वतःपुरतें एक यंत्र हवें होतें. मोठा पुतण्या पुण्यास अभियांत्रिकी शिकतो. तो दिवाळीस आला तो खिशांत पेनड्राइव्ह घेऊनच. म्हणाला, “काका, आबांचा लॅपटॉप द्या. जुनें सगळें पुसून अर्ध्या तासांत अकरा बसवून देतों.”

आई शेजारीं पणत्यांसाठीं वाती वळीत बसली होती. यंत्रांतलें तिला कांहीं कळत नाहीं, असें आम्ही आजवर समजत आलों. तिनें मान वर न करतां विचारलें, “ह्यांचें लिहिलेलें त्यांतच आहे ना रे? तें मग कुठें जाणार?”

पुतण्याचा हात थांबला. आबांनीं निवृत्तीनंतर चार वर्षें रोज सकाळीं बसून आपल्या घराण्याची हकीकत व वाशीमच्या आठवणी टंकून ठेविल्या होत्या. पद्मतीर्थाच्या कांठचें बालपण, बालाजीचा उत्सव, मीटरमापी गाडीचे प्रवास, कोणती शाखा कोणत्या वर्षीं वेगळी झाली, असें सारें त्यांत होतें. पानें दोनशेंहून अधिक. छापील प्रत एकही नाहीं. ‘पुसून’ हा शब्द आम्हीं सर्वांनीं ऐकला होता. त्याचा अर्थ तेवढा एकटीच्या ध्यानांत आला होता.

फाइल वांचली, मजकूर हरवला

तीं पानें आम्हीं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलीं आणि खात्रीसाठीं भावाच्या लॅपटॉपवर उघडलीं. तों पडद्यावर रोमन अक्षरें, कंस आणि टिंबें यांचा नुसता खच! मराठीचें एक अक्षर दिसेना. माझ्या पायांखालची जमीन सरकली.

हा दोष फाइलीचा नव्हता. देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास जगभर एकच क्रमांक देणारी युनिकोडची व्यवस्था १९९१ सालीं निघाली खरी. पण ती आपल्या घरोघरीं रुळावयास बरीच वर्षें गेलीं. तोंवर मराठीचें काम पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपि, सी-डॅकचें आय.एस.एम., आकृति अशा संचांवर चाले. कित्येकांस त्यांचा सराव असा जडला कीं युनिकोड आल्यानंतरही त्यांनीं तो सोडला नाहीं, आबा त्यांतलेच. या जुन्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागीं मराठी अक्षरांचे तुकडे बसविलेले असतात. यंत्र आपल्या पोटांत ‘क’ ठेवीत नाहीं. तें एखादें रोमन अक्षर ठेवितें आणि फाँट त्यास ‘क’चें रूप देतो. फाँट गेला कीं रूप गेलें. म्हणजे फाइल सुखरूप आणि मजकूर बेपत्ता, अशी ही तऱ्हा आहे.

ज्यांच्या घरीं दहा-पंधरा वर्षांपूर्वींचें मराठी टंकलेखन पडून असेल, त्यांनीं कार्यप्रणालीस हात लावण्यापूर्वीं पुढील तीन गोष्टी अवश्य कराव्यात. एक, फाइलींबरोबर ते फाँटही उतरवून घ्यावेत. विंडोजमध्यें ‘फाँट्स’ याच नांवाच्या कप्प्यांत ते असतात. दोन, जुनें यंत्र जिवंत आहे तोंवर त्याच यंत्रावर प्रत्येक लेखाची पीडीएफ प्रत करावी; तींत अक्षरांचीं रूपें बहुधा आंतच साठविलीं जातात, त्यामुळें ती कोठेंही तशीच उघडते. तीन, पुढें सवडीनें रूपांतर करणाऱ्या साधनानें मजकूर युनिकोडमध्यें आणावा आणि मूळ प्रतीशीं ताडून पाहावा, कारण रफार व जोडाक्षरें यांतच बहुतेक चुका होतात. आम्हीं पहिल्या दोन गोष्टी केल्या आणि सर्व पानें कागदावर छापूनही घेतलीं. अर्ध्या तासाचें काम दोन दिवस लांबलें; पण त्या दोन दिवसांनंतर यंत्राचें काय वाटेल तें होवो, अशी निश्चिंती झाली.

नकार देणारीं चार दारें

विंडोज ११ चा नकार एक दिसला तरी त्यामागें चार वेगवेगळीं दारें आहेत. कोणतें दार बंद आहे तें कळल्याशिवाय किल्ली शोधण्यांत अर्थ नाहीं. मायक्रोसॉफ्टचें ‘पी.सी. हेल्थ चेक’ नांवाचें मोफत साधन यंत्रावर चालविलें, तर तें दार कोणतें हें सांगतें.

पहिलें दार प्रोसेसरचें, म्हणजे यंत्राच्या मेंदूचें. इंटेलच्या बाबतींत साधारणपणें आठव्या पिढीपासून पुढचे, व ए.एम.डी.च्या बाबतींत रायझन २००० च्या श्रेणीपासून पुढचे प्रोसेसर मान्य आहेत. इंटेलची पिढी ओळखण्याची खूण सोपी आहे : ‘आय-५’ यानंतर येणाऱ्या चार आंकडी संख्येचा पहिला अंक पाहावा. ३२१० असेल तर तिसरी पिढी, ७२०० असेल तर सातवी. मान्य यादींत नसणें म्हणजे चालवितां न येणें नव्हे. मात्र २०२४ च्या ‘२४-एच-२’ आवृत्तीपासून विंडोज ११ ला कांहीं विशिष्ट आज्ञा समजणारा प्रोसेसर लागतोच. कोअर-टू-ड्युओच्या काळचे लॅपटॉप तेथें कायमचे थांबले. त्यांवर कोणतीही युक्ति चालत नाहीं, आणि कोणी चालते म्हणून सांगितल्यास विश्वास ठेवूं नये.

दुसरें दार टी.पी.एम.चें. गुप्त किल्ल्या सांभाळणारी ही एक लहानशी तिजोरी होय. तिची २.० ही आवृत्ति हवी. पुष्कळ यंत्रांत ती असते, पण निजलेली असते. यंत्र सुरू होतांना एफ-२, एफ-१० किंवा डिलीट यांपैकीं त्या यंत्रास लागू असलेली कळ दाबून बायॉसचा पडदा उघडावा. तेथें इंटेलच्या यंत्रांत ती ‘पी.टी.टी.’ व ए.एम.डी.च्या यंत्रांत ‘एफ.टी.पी.एम.’ या नांवानें सांपडते. तेवढी खूण चालू केली कीं कित्येकांचा नकार तेथेंच मिटतो, व नाहक नवें यंत्र घेण्याचा खर्च वांचतो.

तिसरें दार सुरुवातीच्या पद्धतीचें. जुनी पद्धत लेगसी, नवी यू.ई.एफ.आय.; सिक्युअर बूट हा पहारेकरी नव्या पद्धतींतच उभा राहतो. डिस्कची आंखणीही दोन प्रकारची असते. जुनी एम.बी.आर. लेगसीशीं जमते, नवी जी.पी.टी. यू.ई.एफ.आय.शीं. हें जोडपें चुकलें कीं विंडोज डिस्कवर बसण्यास नकार देतें. विंडोज १० मध्येंच ‘एम.बी.आर.-टू-जी.पी.टी.’ हें साधन असून तें आंतला मजकूर न पुसतां आंखणी बदलतें. तरी प्रत काढून ठेवल्यावांचून तें वापरूं नये.

चौथें दार जागेचें : निदान ४ जी.बी. स्मृति व ६४ जी.बी. साठा. हे आंकडे केवळ आंत शिरण्यापुरते समजावेत. सुखानें नांदण्यास याहून पुष्कळ अधिक लागतें, तें पुढें येईलच.

पुतणीची वही

आबांच्या लॅपटॉपला टी.पी.एम. २.० नव्हतें आणि प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा. पुतण्यानें रूफस नांवाच्या मोफत साधनानें पेनड्राइव्ह तयार केला. प्रणालीची मूळ प्रत मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून घेतली होती. रूफस फक्त पहारेकऱ्याच्या तपासण्या वगळतें. (बाजारांत ‘सर्व कांहीं घालून’ मिळणाऱ्या आयत्या प्रती कोणीही घेऊं नयेत, त्यांत आणखी काय घातलें आहे हें विकणाराही सांगूं शकत नाहीं.)

तपासण्या वगळल्या तरी काम पुढें सरकेना. पहिल्या वेळीं डिस्कची आंखणी चुकीची म्हणून तक्रार आली. बायॉसमध्यें पद्धत बदलली, तों वीज गेली. वीज आल्यावर पुन्हां तीच तक्रार. मग पुन्हां बदल केला, या खेपेस प्रतिष्ठापना अर्ध्यावर गेली, आणि पुन्हां भारनियमन. तिसऱ्या खेपेस तर इंटरनेटवरील प्रत्येक पान ‘सुरक्षित नाहीं’ असें म्हणूं लागलें. पुतण्या चिडून दर वेळीं एकदम चार-पांच खुणा बदली. त्यामुळें कशानें काय झालें हें त्याचें त्यालाच उमगेना.

तेव्हां पुतणीनें वही घेतली. तिनें दोनच नियम घातले : पडद्यावर जें वाक्य येईल तें शब्दशः लिहून ठेवावयाचें, आणि एका वेळीं एकच खूण बदलावयाची. वहींत ती तारीख, वेळ आणि यंत्राच्या पडद्यावरील घड्याळही लिही. दुसऱ्या पानावर येतांच ती म्हणाली, “काका, हें पाहा. वीज गेल्यावर दर वेळीं यंत्राचें घड्याळ २०१२ सालावर जातें.”

सारें कोडें तेथें उलगडलें. बायॉसच्या खुणा व घड्याळ सांभाळण्यासाठीं अशा यंत्रांत बटणासारखा ३ व्होल्टचा एक सेल असतो. तो बारा-तेरा वर्षांत मेलेला. लॅपटॉपची मोठी बॅटरीही केव्हांच संपलेली. त्यामुळें वीज गेली कीं यंत्र आपण केलेले सारे बदल विसरून मूळ खुणांवर परते. पद्धत उलटे, डिस्कची आंखणी जुळेनाशी होई. आणि घड्याळ तेरा वर्षें मागें गेल्यानें संकेतस्थळांचे आजचे दाखले यंत्रास अजून लागूच न झालेले वाटत. विंडोजचा त्यांत कांहीं अपराध नव्हता. पाटणी चौकांतील दुरुस्तीवाल्यानें मागचें झांकण उघडून दहा मिनिटांत नवा सेल घातला. किंमत किरकोळ. आम्ही मात्र दोन संध्याकाळी टी.पी.एम.लाच दोष देत बसलों होतों!

जुना लॅपटॉप माळ्यावरून काढला कीं आधीं त्याचें घड्याळ पाहावें, एवढें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. आणि पेनड्राइव्हची प्रत उतरतांना मध्येंच जोडणी तुटली असेल तर तीही तपासून घ्यावी. अर्धवट उतरलेली प्रत निम्म्यावर जाऊन अडते आणि दोष यंत्रावर येतो.

बसलें, पण चाललें काय?

सेल बदलल्यावर विंडोज ११ खरोखरच बसलें. पुतण्यानें सर्वांस बोलावून दाखविलें. दुसऱ्या दिवशीं पुतणी त्यावर अभ्यासास बसली. यंत्र सुरू करून ती देवघरांत जाऊन आली, दूध पिऊन आली, तरी पडदा तयार नव्हता. डिस्क सारखी कुरकुरत होती. आवाज येत नव्हता, कारण त्या जुन्या भागासाठीं योग्य चालक मिळत नव्हता. ती म्हणाली, “बसलें खरें, पण हें चालतें असें म्हणावयाचें का?”

प्रश्न अगदीं योग्य होता. ४ जी.बी. स्मृति व फिरती डिस्क यांवर ही प्रणाली श्वास घेऊं शकत नाहीं. शिवाय अमान्य यंत्रावर बसविलेल्या प्रतीस सुधारणा मिळण्याचा हक्क राहणार नाहीं, असें मायक्रोसॉफ्टनें स्पष्टच सांगितलें आहे. मासिक सुधारणा आज येतात, उद्यां थांबल्या तर तक्रारीस जागा नाहीं. वर्षाकाठीं येणारी मोठी आवृत्ति तर आपण होऊन येत नाहीं. पेनड्राइव्हचा सारा सोपस्कार पुन्हां करावा लागतो. पहारेकऱ्यास चुकवून आंत शिरलेल्या माणसानें पुढें स्वतःच पहारा करावयाचा असतो. घरांत तें करणारा कोणी असेल तरच या वाटेस जावें. आमचा पुतण्या तर भाऊबीज झाली कीं पुण्यास परत जाणार!

म्हणून आम्हीं निर्णय फिरविला. अकोल्याहून एस.एस.डी. म्हणजे न फिरणारी डिस्क मागविली आणि स्मृति ८ जी.बी. केली. (जुन्या यंत्रास डी.डी.आर.-३ लागते, नव्यास डी.डी.आर.-४, एक दुसरीच्या जागीं बसत नाहीं, तेव्हां जुनी पट्टी काढून दुकानांत नमुन्यास न्यावी.) हा सारा खर्च नव्या लॅपटॉपच्या किंमतीच्या दशांशाहूनही कमी आला. नंतर त्यावर लिनक्स मिंट बसविलें.

लिनक्सचा गाभा १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें प्रथम प्रसिद्ध केला. आज तो जगांतील असंख्य मोठ्या यंत्रांच्या पोटांत आहे. आपल्या सी-डॅकनेंही त्यावर ‘बॉस’ नांवाची भारतीय भाषांची प्रणाली उभारली आहे, आणि केरळांतील शाळांतून मुलें वर्षानुवर्षें लिनक्सवरच शिकत आलीं आहेत. मिंटला निदान २ जी.बी. स्मृति व २० जी.बी. जागा पुरते, ४ जी.बी. असल्यास बरें. तिचा मोठा गुण असा कीं ती पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहतां येते. डिस्कला तोंवर स्पर्शही होत नाहीं. वाय-फाय लागतें का, आवाज येतो का, मुद्रक ओळखला जातो का, हें सारें आधीं पाहावें आणि मगच ‘बसवा’ या शब्दावर बोट ठेवावें. पडदा काळाच राहिला तर आरंभींच्या यादींतील ‘कंपॅटिबिलिटी मोड’ निवडावा. वाय-फाय न मिळाल्यास मोबाइल तारेनें जोडून त्याचें इंटरनेट यंत्रास द्यावें व आवश्यक तो चालक उतरवून घ्यावा. ही युक्ति विंडोजच्या प्रतिष्ठापनेंतही तितकीच उपयोगी पडते.

लिनक्सच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. खास विंडोजसाठींच केलेले हिशेबाचे कार्यक्रम, डिजिटल सहीच्या कांहीं किल्ल्या, श्रीलिपीसारखे जुने संच तिच्यावर सरळ चालत नाहींत. ज्यांचें पोट अशा कार्यक्रमांवर आहे त्यांनीं हा मार्ग घेऊं नये. परंतु सातबारा काढणें, शिष्यवृत्तीचे अर्ज, सराव-परीक्षा, पत्रव्यवहार, परदेशांतील लेकीशीं समोरासमोर बोलणें, हीं घरगुती कामें आतां बहुतेक ब्राउझरमधूनच होतात. तीं उत्तम होतात. मराठीसाठीं इनस्क्रिप्ट कळपट आंत तयारच असतो. २००७-०८ च्या आधींचे ३२-बिटी लॅपटॉप मात्र आतां लिनक्सच्याही अनेक शाखांनीं सोडले आहेत; ऑगस्ट २०२५ मध्यें निघालेल्या डेबियन १३ नेंही त्यांच्यासाठीं प्रतिष्ठापनेची प्रत ठेविली नाहीं. अशा यंत्रास सन्मानानें निवृत्त करावें.

दुसरा लॅपटॉप

भावाच्या २०१७ च्या लॅपटॉपची गोष्ट निराळी. टी.पी.एम. २.० आहे, पद्धत नवी, ८ जी.बी. स्मृति, एस.एस.डी.; दोष एवढाच कीं प्रोसेसर सातव्या पिढीचा, यादीबाहेरचा. भावाचें हिशेबाचें काम विंडोजवांचून होत नाहीं आणि तो स्वतः दर महिन्यास सुधारणा पाहण्याइतका दक्ष आहे. तेथें आम्हीं विंडोज १० चालू असतांनाच वरून ११ चढविलें व तें सुरळीत चाललें. पण त्यांतही एक धक्का बसलाच. पेनड्राइव्हवरून सुरू व्हावें म्हणून मीं आधीं सिक्युअर बूट बंद केलें, तों यंत्रानें बिटलॉकरची ४८ आंकडी किल्ली मागितली! डिस्क कुलुपांत आहे हें आमच्या गांवींही नव्हतें. ती खूण पूर्ववत् केल्यावर यंत्र उघडलें; पण किल्लीविना अडकून सारें गमावणारे कमी नसावेत. म्हणून बायॉसला हात लावण्यापूर्वीं ती किल्ली कागदावर लिहून घ्यावी आणि बिटलॉकर तात्पुरतें थांबवावें. बँकेचे व्यवहार मात्र भावानें या अमान्य यंत्रावरून करणें सोडलें आहे, आणि तें मला योग्य वाटतें.

एकाच घरांतील दोन यंत्रांस दोन वेगळे उपाय लागले, यांतच या सर्व हकीकतीचें सार आहे. यंत्र जुनें आहे कीं नवें हा खरा प्रश्न नव्हे. त्याच्याकडून काम कोणतें घ्यावयाचें, नकार कोणत्या दारानें दिला, आणि पुढची राखण कोण करणार, या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं कीं वाट आपोआप ठरते. तीं न शोधतां केलेली युक्ति म्हणजे आगींतून निघून फुफाट्यांत पडणें होय.

पुतणी आतां आबांच्याच यंत्रावर अभ्यास करते. यंत्र अर्ध्या मिनिटांत सुरू होतें आणि घड्याळ बरोबर चालतें. तिची ती वही देवघराजवळच्या फडताळांत ठेविली आहे. घरांतील कोणतेंही यंत्र अडलें कीं आधीं ती वही निघते. आबांचीं पानें बांधून आणलीं आहेत. आई रोज दुपारीं चष्मा लावून चार पानें वाचते आणि मधूनच कोणास तरी हांक मारून सांगते कीं अमक्या लग्नाची तिथि ह्यांनीं चुकीची लिहिली आहे. त्या चुका पुतणी समासांत पेन्सिलीनें नोंदवीत आहे. मजकूर युनिकोडमध्यें आणावयाचें तिसरें काम अजून व्हावयाचें आहे. तें या उन्हाळ्यांत, तिची परीक्षा झाल्यावर.